नादबाबाच्या खडावा आणि ग्यानबाचं घोंगडं

देवगाव फाट्यावर फळ्यांचा मंच, मंचावर नादबाबा आणि खाली ही गर्दी! बाबा बहिऱ्याच्या पाठीमागं शंख फुंकायचा, बहिरा गर्रकन वळायचा आणि जयजयकार असा व्हायचा की, धडधाकट कानांनाही दडे बसावेत.

मेंढपाळ ग्यानबा नात दीपिकाला घेऊन रांगेत होता. पोर साडेचार वर्षांची, जन्मापासून बहिरी. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवून समजावलं होतं, "कानात आत गोगलगाईसारखी नळी असते. तिच्यात केसासारख्या टोकांच्या पेशी रांगेनं उभ्या असतात. त्या हलल्या की मागच्या मज्जापेशी मेंदूला आवाज कळवतात. हिच्या पुढच्या पेशी निकामी आहेत, मागच्या चांगल्या आहेत. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं, की त्याची तार थेट त्यांना जागं करील. पण उशीर नको, मेंदूचं ऐकायला शिकायचं वय निघून जातं."

ऑपरेशन परवावर आलं होतं. पण पोरीच्या डोक्याला सुरी लागणार, हे ग्यानबाला सोसेना. सून नको नको म्हणत असताना तो इथं आला होता.

"नादातून ब्रह्म, ब्रह्मातून थेट कान!" बाबा गरजला. "तारबीर, बॅटरीबिटरी सगळं झूट!"

पोरीला उघड्या फळीवर बसवणं ग्यानबाला जमेना. त्यानं खांद्यावरचं घोंगडं चार घड्या करून अंथरलं. चेला धावला. "उचला ते! लोकरीचा बाबांना विटाळ होतो."

ग्यानबा पेटला. "विटाळ? आमचा देव घोंगड्यावर बसतो! तुमचा बाबा देवाहून मोठा हाय का?"

"राहू द्या घोंगडं!" गर्दीतले मेंढपाळ ओरडले. चेल्याचा नाइलाज झाला.

शंख वाजला. दीपिका घोंगड्याचा धागा ओढत बसली. बाबानं पुन्हा फुंकला, खडावा आपटल्या, घामाघूम झाला. पोरगी ढिम्म.

"लोकरीनं नाद अडवला!" बाबा म्हणाला.

"शंख कानापाशी, घोंगडं बुडाखाली. मग नाद अडला कुठं?" असं म्हणताना ग्यानबाला आपली बहिरी मेंढी आठवली. हाकेला कधी वळली नाही, पण टेम्पोच्या फळीवर कुणी पाय ठेवला की दचकायची. त्याची नजर बाबाच्या खडावांवर गेली.

त्यानं घोंगडं काढलं, पोरीला फळीवर बसवलं आणि मागं जाऊन नुसती टाच आपटली. दीपिका गर्रकन वळली.

"बघा! शंख न्हाई, मंतर न्हाई! फळी हादरली अन् पोरीच्या बुडाला कळलं. बाबानं खडावा आपटल्या की समदी बहिरी माणसं अशीच वळायलीत!"

लोक हसू लागले. बाबा मागच्या बाजूनं पसार झाला, खडावा तिथंच टाकून. ग्यानबा मात्र हसला नाही. आपण पोरीचे कान कायमचे घालवायला निघालो होतो, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

ऑपरेशन झालं. यंत्र सुरू होऊन काही आठवडे लोटले, तेव्हा त्यानं दीपिकाला अंगणातल्या मातीत, चार घड्यांच्या घोंगड्यावर बसवलं. स्वतः अनवाणी मागं उभा राहिला आणि हलकेच मेंढरांना घालतात तशी हाक घातली, "हुर्रर्र!"

दीपिका वळली. वाड्यातली मेंढरंही वळली.

आता कुणी चमत्कार सांगायला आलं की ग्यानबा एवढंच म्हणतो, "लय भारी! पण आधी घोंगडं अंथरा, मंग दाखवा."