कूमने दिलेली पिन

ऑक्टोबरचा पहिला शनिवार आमच्या डोंगरात सणासारखा असतो. त्या दिवशी रानडुकराची शिकार उघडते, आणि वर्षभर पाठ धरून कण्हणारे म्हातारे पहाटे पोरांसारखे उठून बसतात. मीही त्यातलाच. आणि नेमक्या त्याच शनिवारच्या तोंडावर मी माझ्या कारबाइनची, म्हणजे शिकारीच्या बंदुकीची, काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडवणारी फायरिंग पिन तोडून बसलो.

कशी तोडली ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. संध्याकाळी बंदूक साफ करून तेल लावत होतो. टीव्हीवर एक मंत्री डोंगरातले रस्ते आता होणारच म्हणून सांगत होता. आमचा रस्ता माझ्या लग्नापासून होतोय. मी त्या मंत्र्यावर नेम धरून रिकामा चाप ओढला. बरं वाटलं, म्हणून पुन्हा ओढला, पुन्हा ओढला. शेवटी आवाज वेगळाच आला. पिन ज्यात बसते तो बोल्ट उघडला तर पिनचं टोक तुटून तळहातावर पडलं, तांदळाच्या कणीएवढं.

"मंत्र्याला काही झालेलं दिसत नाही," बायको कोम्ना आतून म्हणाली.

तिला चेष्टा सुचत होती, पण मला घाम फुटला. शहरातला दुकानदार फोनवर म्हणाला की इतक्या जुन्या झेक कारबाइनची पिन मागवायला महिना तरी जाईल. दुसऱ्याची बंदूक उसनी घ्यावी तर तिच्या परवान्यावर माझं नाव नाही, आणि पहिल्या दिवशी फॉरेस्टवाले कागद बघतातच. म्हणजे मी बंदुकीशिवाय हाकाऱ्यांबरोबर ओरडत फिरायचं, आणि माझी जागा चिठ्ठी टाकून गावातल्याच दुसऱ्या कोणाला तरी द्यायची.

माझी जागा म्हणजे पडक्या ओकच्या झाडाखालची. माझ्या बापाची जागा. खिंड तिथे अरुंद होते, आणि हाका सुरू झाला की मोठं जनावर त्या ओकाखालूनच बाहेर पडतं. तिथून निसटलं तर सरळ खालच्या कोरड्या ओढ्यात उतरतं. ओढ्यात आम्ही पाहुण्यांना उभं करतो, म्हणजे ते कोणाच्या मधे येत नाहीत. ओकाची जागा मात्र पाहुण्याला देत नाहीत, तो राजा असला तरी.

आणि यंदा मला डीकन हवा होता. डीकन म्हणजे एक थोराड रानडुक्कर. अंगानं काळंकुट्ट आणि जिथे जेवण तिथे हजर, म्हणून गावानं त्याला देवळातल्या डीकनचं, काळ्या झग्यातल्या मदतनीस पाद्र्याचं, नाव दिलं होतं. गेल्या वर्षी तो माझ्या पुढ्यातून गेला आणि मी चुकलो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजवाही त्याच वाटेवर. पुढच्या वर्षी परवान्याचा डॉक्टर मला पास करणार नव्हता. हे मला माहीत होतं, कोम्नाला माहीत होतं, आमच्या मुलाला, यानीलाही माहीत होतं. हा माझा शेवटचा हंगाम होता.

म्हणून मी कूमकडे गेलो.

आमच्याकडे कूम म्हणजे लग्नात तुमच्यामागे मेणबत्ती धरून उभा राहतो तो. पुढे तुमच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतो तोही तोच. नात्यात भावाच्या वर आणि देवाच्या जरा खाली. कूमशी कोणी भांडत नाही, आणि कूमने दिलेली वस्तू कोणी तपासून घेत नाही. माझा कूम किर्याक. जंगलखात्याच्या वर्कशॉपमध्ये त्याचा जन्म लेथवर गेला. आम्ही दोघांनी सारख्याच कारबाइन एकाच दिवशी घेतल्या होत्या, आणि त्याच्याकडे एक जास्तीची पिन असल्याचं मला ठाऊक होतं.

"मंत्री गेला का?" त्यानं दारातच विचारलं. गावात बातमी माझ्या आधी पोचते.

"तुझ्या जिभेला काही हाड, कूम? पिन आहे का सांग."

"आहे. बोल्ट ठेवून जा, बसवून देतो."

"मी बसवीन की घरी."

"तू? मंत्री वाचला, आता स्प्रिंग उडून तुझाच डोळा जायचा. एक उरलाय तो तरी राहू दे."

दोन दिवसांनी तो स्वतः बोल्ट घेऊन आला, स्वच्छ फडक्यात गुंडाळून, तेल लावून. मी राकियाची, घरी गाळलेल्या दारूची, बाटली काढली. दात दुखतोय म्हणाला आणि उभ्या उभ्याच निघाला. इतक्या वर्षांत त्यानं माझ्या घरची राकिया पहिल्यांदाच नाकारली. मला वाईट वाटलं, ते त्याच्या दाताचं.

बोल्ट बसवून चाप ओढला. आवाज खणखणीत. गोळी उडवून बघायचा प्रश्न नव्हता. शिकार उघडायच्या आधीच्या आठवड्यात डोंगरात बार काढायचा नाही, हा आमचा जुना दंडक आहे. जनावर बिथरतं, आणि बार काढणाऱ्याची जागा जाते. पण दंडक नसता तरी मी बार काढला नसता. कूमनं दिलेली पिन तपासायची म्हणजे कूमच्या तोंडावर थुंकायचं.

शनिवारी धुकं होतं. माळावर सगळे जमले. आमच्या दलाचा म्होरक्या झेल्याझ्को एकेकाला जागा सांगत होता. किर्याकबरोबर एक पाहुणा आला होता, द्रांदारोव्ह नावाचा, बुर्गासच्या बंदरातला मोठा साहेब. अंगात नवंकोरं जाकीट, खिशांवर खिसे. झेल्याझ्कोनं त्याला रिवाजाप्रमाणे कोरडा ओढा दिला. मी मनात म्हटलं, कूमचं काहीतरी काम अडलेलं दिसतंय या साहेबाकडे. असेल बापडं.

यानी कुत्री घेऊन हाकाऱ्यांत निघाला होता. आमचा एकुलता एक, तिशी उलटलेला, दोन वर्षं नोकरीवाचून घरी. जाता जाता माझ्याजवळ आला आणि माझ्या जाकिटाची कॉलर वर करून दिली.

"वर गार आहे, बाबा. जपून."

मला बरं वाटलं. घरात आम्ही जास्त बोलत नव्हतो.

ओकाखाली उभं राहून फार वेळ गेला नसेल, तोच खालून कुत्र्यांचा गलका उठला. मग वाळक्या पानांतून जड पावलं. डीकन बाहेर आला आणि उभा राहिला. एवढा जवळ, की मोतीबिंदू असलेल्या माणसालाही चुकणं कठीण. मान आडवी, कान पुढे. मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

टक्.

मी काडतूस काढून दुसरं आत सारलं. टक्. डीकननं माझ्याकडे पाहिलं. त्या जनावराला माझी कीव आली असती तरी मला नवल वाटलं नसतं. मग तो वळला आणि दुडक्या चालीनं ओढ्याच्या बाजूला उतरून गेला. थोड्याच वेळात खालून एक बार, मग दुसरा. मग कोणीतरी शिंग फुंकलं, जनावर पडल्याची खूण.

पडलेली काडतुसं उचलून पाहिली. त्यांच्या बुडाला पिसू चावल्याएवढी खूण होती. बोल्ट तिथेच ओकाच्या मुळावर उघडला. पिन तुटलेली नव्हती. तिचं टोक सपाट घासलेलं होतं, चकचकीत, आणि त्यावर धार लावायच्या दगडी चाकाच्या बारीक रेघा. अशा सरळ रेघा आमच्या गावात एकच हात काढतो.

तेव्हा मला सगळा हिशेब कळला. पिन नाही म्हणून सांगितलं असतं, तर चिठ्ठी निघून ओकाखाली दुसरी जिवंत बंदूक उभी राहिली असती. कूमला तिथे मेलेली बंदूक हवी होती, म्हणजे डीकन निसटून ओढ्यात त्याच्या साहेबापुढे उतरेल. आणि मेलेली बंदूक घेऊन, न तपासता, बापाच्या जागेवर छाती काढून उभा राहील असा माणूस मीच.

उतरताना मी बोलायचं ते मनाशी जुळवत होतो. आमच्याकडे कूमपण मोडायचं तर चारचौघांत मोडावं लागतं. "आजपासून तू माझा कूम नाहीस आणि माझ्या दारात तुला पाणी नाही," एवढंच म्हणायचं. गावात असं एकदाच घडलेलं मी पाहिलंय. त्या दोघांची घरं अजून एकमेकांकडे पाठ करून आहेत. म्हटलं, आमचीही राहतील. पिन मुठीत धरली होती.

माळावर डीकन गवतात आडवा पडला होता. सगळे त्याच्या सुळ्यांना हात लावत होते. साहेबाच्या कपाळावर पहिल्या शिकारीचं रक्त लावलेलं, आणि तो वाढदिवसाच्या पोरासारखा हसत होता. मला बघताच धावत आला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. पिन त्या हातातच होती.

"तुमचे आभार कसे मानू? यानी गेल्या आठवड्यातच म्हणाला होता, बाबा डीकन तुमच्यासाठी सोडतील. मला खरं वाटलं नव्हतं. शेवटचा हंगाम, आणि तरी सोडलात. मनानं मोठे आहात."

मी यानीकडे पाहिलं. तो कुत्र्यांचे पट्टे सोडवत होता. ते आधीच सुटलेले होते.

साहेब फोटो काढायला गेला. किर्याक माझ्याजवळ आला.

"हळू बोल," तो म्हणाला. "पिन मी घासली. मला काय बोलायचं ते बोल, पण यानीच्या नोकरीवर पाणी पाडू नकोस. साहेबानं बंदरात कायमची जागा द्यायचं कबूल केलंय."

"तू घासलीस. घासायला सांगितलं कोणी?"

यानी कुत्री सोडून आला.

"मी, बाबा. कूमकाकांची चूक नाही."

"मी त्याला म्हटलं, बापाला विचार," किर्याक म्हणाला. "म्हणाला, बाबा नाहीच म्हणतील. देवळात ज्याला हातावर घेतलं ते पोर दारात बसून रडलं. कूमनं काय करायचं अशा वेळी, तूच सांग."

"विचारायचं तरी होतंस," मी यानीला म्हणालो.

"ओक सोडला असता तुम्ही?"

"ते मला ठरवू द्यायचं होतंस. सगळ्या बंदराला सांगितलंस बाप सोडणार म्हणून. बापालाच तेवढं सांगायचं राहिलं."

"मला नोकरी हवी होती, बाबा. तुम्ही मारला असता, तर सुळे नुसते भिंतीवर लागले असते आपल्याकडे."

कूमसाठी जुळवलेले शब्द तोंडात तसेच राहिले. कूमपण कसं मोडायचं हे बापजाद्यांनी शिकवून ठेवलंय, काय बोलायचं तेसुद्धा. पोटच्या पोराशी काय मोडायचं आणि कोणत्या शब्दांत, ते कोणी सांगून गेलं नाही. सकाळी त्यानं कॉलर वर करून दिली होती तिथे मानेला काहीतरी टोचत होतं. त्याला तेव्हा सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं कॉलर नीट केली.

"स्तामात!" झेल्याझ्कोनं मला हाक मारली. "वाटे घालून झाले. ये, उभा राहा."

आमच्याकडे मांसाचे सारखे वाटे फर्नच्या पानांवर मांडतात. मग दलातला वयानं मोठा माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. मागून एकजण एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतो, कोणाचा? पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. कोणाला पुठ्ठा गेला आणि कोणाला हाडं, याची तक्रार मग उरत नाही. हे काम माझं. मी मुद्दाम कोणाला वाईट वाटा देणार नाही अशी सगळ्यांची खात्री आहे.

मी डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो.

"कोणाचा?" मागून झेल्याझ्को.

"तुझा."

"हा कोणाचा?"

"पाहुण्याचा."

"हा?"

"किर्याकचा." आजवर मी 'कूमचा' असंच म्हणत आलो होतो. मागे कोणीतरी खाकरलं.

बाकीची नावं भराभर घेतली. हाकाऱ्यांचीही घेतली, एक सोडून. माझं स्वतःचंही. एकच वाटा उरला.

"कोणाचा?"

मी बोललो नाही.

"स्तामात, एक राहिलाय. कोणाचा?"

"पाहुण्याचा."

"पाहुण्याचा झाला की मघाशी."

"मग पाहुण्याच्या माणसाचा," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, यानी, नको उचलूस तो वाटा. राहू दे तिथेच. म्हण की माझं नाव यानी स्तामातोव्ह आहे, मी स्तामातचा पोर आहे, आणि ये माझ्यापुढे उभा राहून भांड.

मागे फर्नची पानं खसखसली. मग मांस पिशवीत पडल्याचा आवाज आला. मी वळलो नाही.