इझाबेलबाईंची फियाट

धुराचे नियम कडक झाले आणि इझाबेलबाईंची तीस वर्षांची फियाट माणिकपूरच्या पीयूसी केंद्रावर नापास झाली.

"आता भंगारात काढ," धाकटा भाऊ सॅन्टन म्हणाला. गावातल्या कितीतरी अडलेल्या बायकांना याच गाडीतून दवाखान्यात पोचवणाऱ्या बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

वालीवच्या गॅरेजात त्यांनी कार्बोरेटर साफ करून घेतला, एअर फिल्टर बदलला. इंजिन चांगलं तापावं म्हणून हायवेवर लांब फेरी मारली आणि तशाच पुन्हा केंद्रावर आल्या. तपासणाऱ्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. यंत्रावरचा आकडा चढला, थबकला आणि मर्यादेच्या आतच स्थिरावला.

"पास झाली, बाई. पण सहा महिन्यांनी परत तपासावी लागेल."

"तेव्हाही पास होईल," म्हणत बाईंनी गाडी सुरू केली.