एकोचं बटण

रामहरी आबांनी दुकानात पाऊल टाकलं आणि रामराम घालायच्या आधीच विचारलं, "एको कसा हाय?"

बारामतीच्या त्या दुकानदाराला हा प्रश्न काही नवा नव्हता. आपल्या भागात माईक घ्यायला आलेला माणूस आधी एको बघतो, बाकीचं सगळं नंतर. देवळातलं भजन असो, हळद असो नाहीतर सरपंचाचं भाषण, एकोचं बटण निम्म्याच्या वर गेलं नाही तर बोलणाऱ्याला उघड्या अंगानं चावडीवर उभं केल्यासारखं वाटतं. दुकानदारानं हसत एक मिक्सर पुढं ओढला, माईक जोडला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी त्यात फुंकर मारली, "हॅलो" म्हटलं, आणि ते हॅलो दुकानभर फिरून पुन्हा पुन्हा कानावर आलं. आबांचा चेहरा खुलला.

"ह्योच द्या," ते म्हणाले.

स्वरूपानं कपाळाला हात लावला. ती आबांची थोरली लेक, सांगवीला दिलेली. तिथल्या दूध संकलन केंद्रावर ती कॉम्प्युटर सांभाळायची. घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर काय काय लागतं, हे मोबाइलवर बघून बघून तिनं डोळे लाल करून घेतले होते. मिक्सर लागतच नाही, माईक आणि लॅपटॉप यांना जोडणारा एक लहानसा डबा पुरतो, त्याला इंटरफेस म्हणतात, एवढं तिला पाठ झालं होतं. पण दुकानात तिच्या बाजूनं बोलणार कोण? सोबत तिचा दीर दिग्विजय आलेला, आणि तो आबांच्याही पुढचा. त्याची स्वतःची साऊंड सर्व्हिस होती. गणपतीत त्याचा टेंपो गल्लीत शिरला की फळीवरची भांडी खाली यायची.

"वैनी, त्या डबीत काय दम हाय? मिक्सरच घ्या. आन माईक ह्यो घ्या, कंडेन्सर. सुई पडली तरी पकडतोय," तो म्हणाला.

दोघांपुढं तिचं काही चाललं नाही. मिक्सर आला, कंडेन्सर आला, आणि आबा परतीच्या वाटेवर लेकरासारखे खूश होते. त्यांना खूश बघून तीही गप्प बसली.

ही सगळी धावपळ कशासाठी, तर आबांच्या गळ्यासाठी. आबा पळसदेवच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. दर सोमवारी देवळात त्यांनी ओळ म्हणायची आणि मागच्या टाळकऱ्यांनी ती उचलायची, हे गावाच्या अंगवळणी पडलेलं. गेल्या काही महिन्यांत त्यांचा आवाज मधेच फाटायला लागला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. गाठ साधी आहे, काळजी नाही, पण काढावी लागेल. आवाज राहील, फक्त असाच राहील हे सांगता येत नाही. तोवर हळू आवाजात थोडं थोडं गायला हरकत नाही. स्वरूपाला त्या दिवसापासून एकच घोर लागला होता. आबांकडं त्यांच्या वडलांच्या, म्हणजे तात्यांच्या, चाली होत्या. अभंगाचे शब्द पोथीत सापडतात, चाली कुठं सापडणार? ऑपरेशनच्या आधी त्या आबांच्याच गळ्यातून उतरवून घ्यायच्या, असं तिनं मनाशी धरलं होतं.

रजा टाकून ती पळसदेवला आली. सोप्यात सतरंजी अंथरली, माईक उभा केला, आबांनी एकोचं बटण स्वतः मनासारखं फिरवलं आणि मागं दोन टाळकरी बसवून मन लावून गायले. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ती ऐकायला बसली आणि तिचं तोंड उतरलं. सुई पकडणाऱ्या त्या माईकनं सगळंच पकडलं होतं. शेजारच्या बोअरची मोटर होती, गोठ्यातल्या म्हशीची साखळी होती, आत तिची आई, शकुबाई, भाकरी थापत होत्या ते होतं, आणि उजनीच्या पाण्यावरून गेलेल्या होडीचं इंजिनसुद्धा होतं. बरं, या सगळ्याला एको. म्हशीलाही एको. आणि जिथं चाल वळण घेत होती, नेमकं तिथंच आबांचे सूर एकमेकांवर चढून चिखल झाला होता. एकदा आवाजात मिसळलेला एको नंतर काढता येतो का, हे तिनं सॉफ्टवेअर उलटंपालटं करून बघितलं. चहात विरघळलेली साखर कुणाला काढता आली आहे का?

तिला स्वतःचाच राग आला. माहीत असून आपण गप्प बसलो, याचा. या खेपेला ती बारामतीला एकटी गेली. मिक्सर आणि कंडेन्सर परत दिले, तिला हवा होता तो हातात मावणारा इंटरफेस घेतला, कान पुरते झाकणारा हेडफोन घेतला आणि माईक घेतला तो अगदी साधा, पुढारी सभेत हातात धरतात तसला. तो फक्त तोंडासमोरचं ऐकतो, लांबच्या म्हशीशी त्याला देणंघेणं नसतं. सॉफ्टवेअर तिनं आधी एक नावाजलेलं उतरवलं होतं. उघडल्यावर त्यात विमान चालवायला बसल्यासारखी बटणं दिसली. ते पुसून तिनं फुकटात मिळणारं एक साधं घेतलं. तिला एक माणूस आणि एक आवाज एवढंच तर उतरवायचं होतं.

पळसदेवला आल्यावर ती घरातल्या प्रत्येक खोलीत जाऊन मोठ्यानं टाळी वाजवायला लागली. सोप्यात टाळी घुमली, माजघरात घुमली, पत्र्याच्या खोलीत तर खणखणली.

"पोरीला झालंय तरी काय?" शकुबाईंनी आबांना विचारलं.

"बघू दे तिला," आबा म्हणाले.

शेवटी ती मागच्या कडब्याच्या खोलीत शिरली. तिथं आढ्यापर्यंत पेंढ्या रचलेल्या. टाळी वाजली आणि जागच्या जागी मेली. स्वरूपाचा जीव भांड्यात पडला. तिनं तिथंच पाट मांडला, आबांना बसवलं आणि हेडफोन त्यांच्या कानावर चढवला.

आबांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. परत म्हटली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"ह्यो कुणाचा आवाज?"

"तुमचाच की, आबा."

"माझा न्हाय. ह्यो कुणातरी थकल्या म्हाताऱ्याचा हाय." त्यांनी हेडफोन तिच्याकडं सरकवला. "म्हंजी गळा आधीच गेलाय. मला कुणी सांगितलं न्हाय एवढंच. ऱ्हाऊ दे पोरी, न्हाय गायचं मला."

आणि ते उठून थेट पाण्याच्या काठाला जाऊन बसले. शकुबाई जेवायला बोलवायला गेल्या तर "भूक न्हाय" म्हणाले. इतकी वर्षं अँप्लिफायरमधून फुगून आलेला आवाज हाच आपला, असं धरून चाललेला माणूस. त्याला त्याचा उघडा आवाज नेमका ऑपरेशनच्या तोंडावर ऐकवला, आणि तोही आपण, या विचारानं स्वरूपाला रडू आलं. तिनं ते आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय आला. आपण घेऊन दिलेला माल परत गेल्याचं त्याला कळलं होतं. रुसवा काढायचाच म्हणून तो आला होता, पण वहिनीचे डोळे बघून विसरला. तिनं सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "एवढंच व्हय? वैनी, आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गाणाऱ्यांना मी कानात येगळा आवाज सोडतो आन पब्लिकला येगळा. त्यांच्या कानात एको असतोय, भाईर साधाच जातो. तुमच्या डबीला जमत न्हाय का तसं?"

स्वरूपा त्याच्याकडं बघतच राहिली. मोबाइलवर एवढे व्हिडिओ बघितले आणि हे घरात असलेल्या माणसाला विचारलं नाही. दोघं लॅपटॉपपुढं बसले. चहा गार झाला, शकुबाईंनी दुसरा केला, तोही गार झाला, आणि शेवटी जमलं. एको फक्त हेडफोनमध्ये सोडायचा, उतरवून घ्यायचा आवाज कोरडाच ठेवायचा.

"आबा, काल बटण बंद राहिलं होतं बगा. आता ऐका," दिग्विजय तोंड सरळ ठेवून म्हणाला.

आबांनी अविश्वासानं हेडफोन लावला, हळूच "हॅलो" म्हटलं, आणि त्यांचे खांदे सैल पडले. "हां. ह्यो मी," ते म्हणाले.

आता गाडी चालेल असं वाटलं तर आबा पहिली ओळ म्हणून पुन्हा थांबले.

"आता काय झालं?"

"आगं, झील कोण धरणार? मी ओळ टाकली, ती मागनं कुणीतरी उचलाय पायजे का नको? एकट्यानं भजन व्हतंय व्हय?"

जन्मात त्यांनी सलग दोन ओळी एकट्यानं म्हटल्या नव्हत्या. टाळकऱ्यांना बोलवावं तर कडब्याच्या खोलीत दोन माणसं मुश्किलीनं मावत होती. मग स्वरूपाच समोर बसली आणि ओळ उचलायला लागली. माईकपासून मागं सरून, दबक्या आवाजात, आबांना पुढची ओळ सुचावी एवढ्यापुरतीच. रोज सकाळी जरा जरा असं करत आबांच्या सगळ्या चाली उतरल्या. कुठं आवाज फाटला, कुठं खोकला आला, तेवढं तिनं परत घेतलं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर आबा म्हणाले, "ऐकीव की मला. काय झालंय ते बगू."

उतरलेला आवाज तर कोरडा. लॅपटॉपवर एक खटका दाबला असता तर त्यावर पाहिजे तेवढा एको चढला असता, आबांना कळलंही नसतं. स्वरूपाचं बोट तिथवर गेलंही. पण उद्या ज्या गळ्याला सुरी लागणार, त्या गळ्याशी अजून किती खोटं बोलायचं? तिनं बोट काढून घेतलं आणि होतं तसं लावलं.

आबा डोळे मिटून ऐकत होते. दुसरा अभंग सुरू झाल्यावर त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि स्वरूपानं घाबरून बंद करायला हात पुढं केला. त्यांनी तो धरला.

"तात्या हायत हे," ते म्हणाले.

"आबा, तुम्हीच आहात ते."

"कळतंय गं मला. पर तात्या असंच गायचे. जुन्या गावात देवळापुढं लिंब होता, त्याच्याखाली भजन व्हायचं. माईक कुठला आलाय तवा. उघड्यावर, हाय त्या आवाजात. धरणात गाव गेलं, लिंब गेला. नव्या गावात आल्यावर मंडळानं अँप्लिफायर घेतला. तवापासनं मी माझा सोताचा आवाज ऐकलाच न्हाय. त्या दिशी ऐकला आन भ्यालो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "माझ्या गळ्यात तात्या अजून हायत, हे मला ठावंच नव्हतं."

थोड्या वेळानं त्यांनी मान तिरकी केली. "आन झील तू धरलीयास. ही तिसरी चाल बग. हितलं वळण मी इसारलो होतो. तू घेतलंस म्हणून मला गावलं. तुला कुणी शिकीवलं?"

"लहानपणी सोमवारी देवळाच्या पायरीवर कोण बसायचं मग? पोरींना मंडळात घेत नव्हते, ऐकायला कुणी अडवत नव्हतं."

आबांनी नुसतं "हं" केलं. पण संध्याकाळी पिशवी भरताना ते शकुबाईंना म्हणाले, "उद्याचं मला काय वाटंना झालंय आता." आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी जखम चांगली भरतेय म्हणून सांगितलं, आणि पुढं बरेच दिवस एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद दिली. आबा ती इमानदारीनं पाळत होते. चहा पाहिजे असेल तर कपाची खूण करायचे, राग आला तर नुसते डोळे वटारायचे. शकुबाई म्हणायच्या, घर कसं शांत शांत झालंय, आणि हसायच्या.

घरी आल्यावरच्या सोमवारी मंडळ देवळात जमलं. पखवाजावर सर्जेराव होते. अँप्लिफायरही तेच सांभाळायचे. आज पुढं बसणार कोण, यावर कुजबुज चालली होती. तेवढ्यात आबा दारात आले. त्यांनी स्वरूपाचा दंड धरला होता. कुणाला काही विचारायला जागाच न ठेवता त्यांनी तिला आणलं आणि आपल्या जागेवर, माईकपुढं बसवलं. एकदोघांनी एकमेकांकडं बघितलं. आबांनी त्यांच्याकडं बघितल्यावर ते आपापले टाळ सारखे करायला लागले.

सर्जेरावांनी सवयीनं एकोचं बटण निम्म्याच्या वर नेलं. आबा टाळकऱ्यांत जाऊन बसणार होते, ते तसेच मागं वळले, अँप्लिफायरपाशी वाकले आणि ते बटण पार शून्यावर आणून ठेवलं.

"आबा, एको?" सर्जेरावांना काही उमगेना.

आबांनी ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट लेकीकडं केलं आणि शेवटच्या ओळीत टाळ घेऊन बसले. स्वरूपानं डोळे मिटून पहिली ओळ टाकली. तिचा उघडा आवाज देवळात तेवढाच गेला, जेवढा तो होता. मागून टाळकऱ्यांनी झील धरली. आबांचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते, आवाज तेवढा त्यांनी डॉक्टरांच्या शब्दाखातर आत राखून ठेवला होता.