दोन घरांचं एक लॉगिन

अनसिंगच्या गुलाम नबींना सायकलीचं चाक नुसतं फिरवून त्याचं दुखणं कळायचं. राउटरही त्यांनी उलटापालटा फिरवून पाहिला. काही कळलं नाही.

घरचं नेट तीन दिवस बंद होतं आणि त्यांची मुलगी इफ्रा नागपूरच्या होस्टेलात तापाने पडली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिच्या आईला, मेहरबीला, वाचता येत नाही. मायलेकींचं सगळं बोलणं व्हिडिओवर, हातांच्या खुणांनी. मोबाईलच्या नेटवर मेसेज तेवढा सरकायचा, चेहरा निम्म्यात गोठायचा.

"बरी आहे म्हणते," नबींनी मेसेज वाचून दाखवला.

"लिहाले काय लागते! मले पोरगी पाहू द्या."

राउटरची जाणकार घरात एकच, आणि तीच आजारी. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून तिने त्यात आपल्या पसंतीचं घातलं होतं. तेव्हापासून नेटवाला त्या डब्याला हात लावत नसे, आणि नबींना त्याचाही अभिमान होता. तिने मेसेजमधून सांगितलं तसं त्यांनी सेटिंगचं पान उघडलं, युजरनेम ताडून पाहिलं, पासवर्ड दोनदा टाकला. शेवटी नोंदींच्या पानाचा फोटो पाठवला.

उत्तर आलं. तेही नबींनी इमानाने मोठ्याने वाचलं: 'अब्बू, आपल्याच लॉगिनवर दुसरा राउटर चालू आहे. एका वेळी एकच चालतो. पासवर्ड कोणाला दिला?' मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"कोनाले देला?" मेहरबीने विचारलं.

"समोरच्या कमलीवहिनीचं नेट बंद पडलं होतं. मांगाले आल्या. आपन शिडी देतो, हवेचा पंप देतो..."

"शिडी दोन घरी एकदम उभी राह्यते का?"

दोघं समोरच्या घरी गेली, तर कमलीबाई खाटेवर बसून त्याच नेटवर मालिका पाहत होत्या. बंद करा म्हणायला नबींची जीभ उचलेना. मेहरबीची उचलली, पण तोवर कमलीबाईंनी तिला ओढून शेजारी बसवलं.

"बंद कायले करता? नेट इथं हाय, तं इथूनच लाव ना पोरीले फोन!"

इफ्रा दिसली. ओठ सुकलेले, केस विस्कटलेले. आईला सलामही न करता तिने बापाकडे बोट रोखलं आणि मग दोन्ही हात जे सुटले ते थांबेनात. नबींनाही खुणा यायच्या, पण इतक्या वेगाने नाही.

"काय म्हणते?"

"पासवर्ड काय दर्ग्यावरची शिरनी हाय का वाटाले, म्हणते." मेहरबीने ओढणी डोळ्यांना लावली. "उतरला ताप."

नबी माफी मागायला पुढे सरकले, तर मेहरबीने त्यांना कोपराने मागे लोटलं.

"थांबा. अजून रागावू द्या तिले."