उत्तर वडिलांनी द्यायचे होते

वकीलबाईंनी पहिला प्रश्न माझ्या मुलाला विचारला आणि उत्तर मी दिले.

"मुलगी कितवीत आहे?"

"दुसरीत. ब तुकडी."

"शाळेत कोण सोडतं?"

"मीच."

"आजारी पडली तर रजा कोण घेतं?"

"रजा कशाला? चष्म्यांचं दुकान माझं आहे. मला रजा देणारा अजून जन्माला यायचाय."

मुलगा शेजारच्या खुर्चीत हातांची घडी घालून बसला होता. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. वयाने त्या माझ्या लेकीसारख्या. पण नजर अशी, की समोरच्याने आपोआप पाठ ताठ करावी.

"बाई, ताबा तुम्ही मागताय की हे?"

"त्यात काय फरक आहे?"

"न्यायालयात तेवढाच फरक आहे."

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितले. घटस्फोटाचा दावा दाखल झाला आहे. तो संपायला वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर मुलीला अधांतरी ठेवता येत नाही, म्हणून तात्पुरत्या ताब्याचा हुकूम होतो. तो अंतिम निकाल नव्हे. परिस्थिती बदलली तर तोही बदलून मागता येतो. न्यायाधीश पाहतात ते एवढेच, की मुलीचे भले कशात आहे: तिची शाळा, तिची झोप, दोन्ही पालकांची सोबत. त्यासाठी न्यायालयाच्या समुपदेशक दोन्ही घरी जाऊन येतात आणि अहवाल देतात.

"आणि मूल ज्या घरात रुळलंय तिथून त्याला उगाच हलवत नाहीत. बरोबर?" मी विचारले.

"साधारण तसंच. पण त्या घरात वडील तिचं काय करतात, हे त्या विचारतील. यांना विचारतील, बाई. तुम्हाला नाही."

मुलाचे आणि सूनबाईचे का फाटले, हे येथे उगाळण्यात अर्थ नाही. भांडी आपटली नाहीत, कोणी कोणावर हात उगारला नाही. बोलणे कमी होत होत संपले. दोन महिन्यांपूर्वी सूनबाईने शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. खोल्यांची रंगरंगोटी होईपर्यंत नात आमच्याकडे राहील, असे ठरले होते. रंग वाळला, आणि तिने मुलीला मागितले. मी "बघू" म्हणाले. त्या "बघू"चे उत्तर म्हणून तिचा अर्ज आला.

नात सात वर्षांची. एका जागी ठरत नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती घरातून जाईल, या विचाराने माझे जेवणावरचे लक्ष उडाले होते. मी ते कोणाला दिसू दिले नाही आणि कामाला लागले.

समुपदेशक बाई येणार होत्या बुधवारी. हातात सहा दिवस होते. दुकानाच्या मागच्या खोलीत मुलगा चाकावर काचेच्या कडा घासतो, आणि काच फ्रेममध्ये बसेपर्यंत त्याला जागचे हलता येत नाही. त्यामुळे तो माझ्या तावडीत सापडला.

"वर्गशिक्षिका?"

"उंच, केस आखूड. मागच्या वर्षीपासून त्याच."

"कुठला दात हलतोय?"

"डावीकडचा... खालचा."

"उजवीकडचा, वरचा! बाप आहेस की पाहुणा?"

"आई, काच फुटेल."

"फुटू दे. मैत्रीण?"

"मैत्रीण... ती, दोन वेण्यांची. औषधवाल्याची मुलगी."

"झोपताना काय लागतं?"

"कापसाचं अस्वल. कानाला ठिगळ आहे ते."

"ठिगळाचं सांगू नकोस. विचारलं तेवढंच सांग."

मंगळवारपर्यंत त्याला बावीस उत्तरे बिनचूक येत होती. गिऱ्हाईक आले की आम्ही थांबत असू आणि गिऱ्हाईक गेले की जिथे सोडले तिथून पुढे चालू. मी मनात म्हटले, आता येऊ दे कोणालाही.

बुधवारी चार वाजता त्या आल्या. साध्या चपला, खांद्यावर कापडी पिशवी. दुकानाच्या वरच आमचे घर. त्यांनी मुलीची खोली पाहिली, तिचे कपाट पाहिले, भिंगरीने काढलेल्या चित्रातला तीन पायांचा घोडा पाहून गंभीरपणे मान डोलावली, आणि बैठकीत मुलासमोर बसल्या. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर. भिंगरी खाली फरशीवर.

पहिले उत्तर चोख गेले. दुसऱ्या वेळी माझा अंदाज चुकला. मी मुलाला जो क्रम घालून दिला होता, तो त्या बाईंनी घेतला नाही.

"हिची जवळची मैत्रीण कोण?" त्यांनी विचारले.

"उजवीकडचा, वरचा," मुलगा म्हणाला. "हलतोय."

भिंगरी फरशीवर लोळून हसू लागली. "बाबा, ती हलत नाही! ती तर फार जाडी आहे!"

"त्याला म्हणायचं होतं..." मी सुरुवात केली.

"आजी," समुपदेशक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा स्वयंपाकघरात बसाल का?"

माझ्या घरात मला आत जा म्हणणारे आजवर कोणी नव्हते. मी उठले. भिंगरी दोरी घेऊन मागच्या अंगणात पळाली. स्वयंपाकघराचे दार मी लोटले, पण कडी लावली नाही, आणि दाराला टेकूनच उभी राहिले. चोरून ऐकणे मला आयुष्यात कधी आवडले नाही. त्या दिवशी मी ऐकले.

"यातलं खरं म्हणजे मला फारसं माहीत नाही," मुलगा म्हणत होता. "आईनं पाठ करून घेतलंय."

"ते लक्षात आलं. पाठ नसलेलं काहीतरी सांगा."

खाली अंगणात दोरी आपटत होती.

"शाळा सुटली की ती दुकानात येते," तो म्हणाला. "रिकाम्या फ्रेमा घालून आरशात बघते. पूर्वी रोज वेगळी. काळी जाड घातली की मुख्याध्यापक व्हायची, मला उभं करायची. सोनेरी घातली की आईसारखी, म्हणजे माझ्या आईसारखी, गल्ल्यावर बसायची आणि सगळ्यांना दटावायची. गेले दोन महिने एकच घालते. गोल, तपकिरी. तिच्या आईचा चष्मा तसा आहे."

"तुम्ही तिला काही विचारलं?"

"नाही. विचारलं तर ती घालणं बंद करेल. ती फ्रेम मी विकत नाही. कोणी मागितली तर संपली म्हणतो."

ती फ्रेम मला माहीत होती. गिऱ्हाईक समोर उभे असताना खोटे का बोललास, म्हणून मी त्याला दोनदा फैलावर घेतले होते, आणि दोन्ही वेळा तो मान खाली घालून काच घासत राहिला होता. गल्ल्यावरून आरसा सरळ समोर दिसतो. मी रोज तिथेच बसते. मला ते दिसले नव्हते.

"तुमच्या मते तिनं कुठं राहावं?"

"शाळेच्या दिवसांत तिच्या आईजवळ. ती मागत नाही, पण तिला ते हवंय." त्याने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "पण मलाही ती हवी आहे. इथं आई आहे म्हणून ती राहावी असं नाही. माझ्याजवळ म्हणून हवी आहे. एवढं मी कधी कुणाला बोललो नाही."

माझा हात दारावर होता. बैठकीत जायचे आणि "याचं काही मनावर घेऊ नका, याला बोलता येत नाही" म्हणायचे, एवढेच काम होते. ते मी त्याच्या शाळेत केले होते, त्याच्या लग्नाच्या बोलणीत केले होते, त्याच्या संसारातही केले होते. मी बैठकीत गेले.

"तो आत्ता म्हणाला ते तसंच्या तसं लिहून घ्या," मी म्हणाले. "आधीचं सगळं खोडा."

"आजी," बाई हसल्या, "आधीचं मी लिहिलंच नव्हतं."

हुकूम पंधरा दिवसांनी झाला. दोन्ही बाजूंनी संमती दिल्याने वाद झाला नाही. शाळेचे दिवस आईकडे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ वडिलांकडे. मोठी सुट्टी निम्मी निम्मी. रोज सहा वाजता दुसऱ्या पालकाशी फोन. मुलीला गावाबाहेर न्यायचे तर दुसऱ्याला आधी कळवायचे. तीन महिन्यांनी न्यायालय पुन्हा पाहील. वकीलबाईंनी वाचून दाखवले. मी कागद मागून घेऊन स्वतः दोनदा वाचला.

"यात माझं नाव कुठं आहे?"

"आजीचं नसतं, बाई."

परतताना मी मुलाच्या दोन पावले पुढे चालत होते. मुलाला वाटले मी रागावले आहे. मी पुढच्या शुक्रवारचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहत होते. भिंगरी जिना चढून येईल. मी तिचे हातपाय धुवीन, वाढीन, वेणी सोडीन, गोष्ट सांगीन. आणि मुलगा खाली काचा घासत राहील. तीन महिन्यांनी त्याला विचारतील तेव्हा तो पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहील. त्याच्या वाट्याचे दोन दिवस मीच खाऊन टाकले असते, आणि वर त्याला बाप आहेस की पाहुणा म्हणून विचारले असते.

शुक्रवारी दुपारी मी पिशवी भरली.

"आई, आजच?" मुलगा दारात येऊन उभा राहिला. "मावशीकडे नंतर गेलीस तर? हिला काय करून घालू?"

"तिला विचार."

"आणि रात्री रडली तर?"

"जवळ बस. त्याला कुठलं शिक्षण लागत नाही."

मी जिन्याशी पोचते तोच खालून दोघी येताना दिसल्या. भिंगरी मला वळसा घालून वर पळाली. सूनबाई तिचे दप्तर घेऊन दोन पायऱ्या खाली थांबली. तिने घर सोडल्यापासून प्रथमच आम्ही अशा समोरासमोर आलो होतो. ती वाळली होती.

"आई, हिला नव्या घरात दिवा बंद केलेला चालत नाही," ती घाईने सांगू लागली, "आणि सर्दी आहे, तर झोपण्याआधी..."

"मला नको सांगू. तो वर उभा आहे."

तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली. "तुम्ही कुठं निघालात?"

"बहिणीकडे. रविवारी ही गेली की येईन."

"म्हणजे... मग तुमची नि हिची भेट कधी?"

हा प्रश्न मी निघण्याआधी कोणी विचारू नये, असे मला वाटत होते. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुझी प्रयोगशाळेतली पाळी चारपर्यंत असते. शाळा तीनला सुटते. तू म्हणालीस, तर तो तासभर मी हिला सांभाळीन. तुझ्या घरी. तुझ्या पद्धतीनं."

मी आजवर तिला "तू म्हणालीस तर" असे कधी म्हटल्याचे मलाही आठवत नाही.

"माझं काही म्हणणं..." ती म्हणाली.

"लगेच हो म्हणू नकोस. आधी त्याच्याशी बोल. दोघांनी मिळून ठरवा आणि मला कळवा."

ती बाजूला झाली आणि मी खाली उतरू लागले. वर तिने दप्तर ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, थोडा कोरडा, मग मुलाचा, "थांब, लिहून घेतो."

"नको लिहू बाबा," भिंगरी म्हणाली, "मी सांगते ना तुला."

मी न थांबता रस्त्यावर आले.