पिवळ्या कार्डाची ओळ

मी बोलतोय, एका मोठ्या इस्पितळाचा डेटाबेस. दचकू नका. तळघरातल्या थंडगार खोलीत, एका काळ्या कपाटात माझा मुक्काम असतो. मला डोळे नाहीत, म्हणून मी सदा अर्धवट झोपेतच असतो म्हणा ना. कान मात्र तिखट. नोंदणीच्या खिडकीखिडकीवरचे संगणक म्हणजे माझे कानच. त्या झोपेत माणसं येतात, तीही ओळी होऊन. नाव, वय, ताप किती, औषध कोणतं. अशा नऊ कोटी ओळी माझ्या पोटात आहेत.

मी जन्मलो तेव्हा इस्पितळात पिवळ्या पुठ्ठ्याची कार्डं होती. चार टायपिस्ट बायकांनी दोन वर्षं खपून ती कार्डं मला भरवली. त्यांतली एक प्रत्येक नाव आधी हळूच पुटपुटायची, मग टाइप करायची. ते पुटपुटणं मला अजून आठवतं.

तरुणपणी मी चपळ होतो. पुढे अंग सुटलं आणि मी रेंगाळू लागलो. लोक मग तेच बटण दहादा दाबायचे. बाबांनो, दहादा दाबलंत की तेच काम मला दहादा करावं लागतं! पण रागावलेल्या माणसाला कोण सांगणार?

शेवटी मला सुधारायला एक बाई आल्या. माझी नाडी बघतात म्हणून सगळे त्यांना वैद्यीणबाई म्हणत. स्वभावानं गोड. "अमुक माणूस शोधायचा तर कोणत्या वाटेनं जाशील?" असं त्या मला विचारत आणि मी न धावताच सगळी वाट सांगत असे. मला इतक्या मायेनं कुणी काही विचारलं नव्हतं.

पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची माझ्याकडेही असते, कोण कुठं आहे ते चटकन सांगणारी. माझ्याकडे अशा सदतीस सूची होत्या. एक नवी ओळ आली की सदतीस ठिकाणी लिहायचं, म्हणून मी धापा टाकायचो. बाईंनी प्रत्येकीचा वापर मोजला. जुन्या कार्ड नंबरांच्या सूचीपुढे शून्य होतं.

"हिला कुणी हातही लावत नाही," त्या म्हणाल्या. "उगाच ओझं." आणि तिच्यासकट नऊ बिनवापराच्या सूची पुसून टाकल्या.

ते शून्य फक्त तीन महिन्यांचं होतं. मला बंद करून पुन्हा चालू केलं, तेव्हा आधीची मोजणी पुसली गेली होती. मला ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय बोलायची मला मुभा नाही. शिवाय अंग हलकं झालं होतं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

मग एका मंगळवारी, सकाळी अकराला, एक मुलगी खिडकीवर आली.

"काका, बाबांचं ऑपरेशन आहे दुपारी. पूर्वी इथंच भूल देताना त्यांचा जीव जाता जाता वाचला होता. कोणतं औषध होतं, ते डॉक्टर विचारतायत. हे कार्ड बघा ना."

"पिवळं कार्ड! किती वर्षांनी बघतोय," खिडकीवरचे काका म्हणाले आणि त्यांनी नंबर टाकला.

वाट दाखवणारी सूचीच नव्हती. मी पहिल्या ओळीपासून चालू लागलो. एकेक ओळ वाचत, स्वप्नात पाय उचलत नाहीत तसा. निम्म्यावरही पोचलो नाही तोच पडद्यावर 'वेळ संपली'. काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. नावानं शोधलं तर त्याच नावाचे एकशे चाळीस जण निघाले.

"सापडतंय ना हो?" मुलीनं विचारलं. "ऑपरेशन पुढे ढकलता येणार नाही म्हणतात."

"सापडेल, ताई. बसा जरा," काका म्हणाले आणि त्यांनी वैद्यीणबाईंना फोन लावला. "बाई, जुना नंबर टाकला की हा बसूनच राहतोय. पूर्वी असं नव्हतं."

बाईंनी लगेच ओळखलं. "मीच काढली ती सूची, काका. खिडकीवर विचारायला हवं होतं मी. दहा मिनिटं द्या मला."

ती दहा मिनिटं मी जिवाच्या आकांतानं सूची रचली. रचताना पुन्हा ते पुटपुटणं कानी आलं, एकामागून एक नावं. मग काकांनी नंबर टाकला आणि मी थेट त्या ओळीपाशी जाऊन उभा राहिलो. औषधाचं नाव तिथं होतं, ठळक, शेजारी 'पुन्हा देऊ नये'. मुलीनं ते कागदावर लिहून घेतलं आणि ती धावत गेली.

आता माझ्याकडे एकोणतीस सूची आहेत. त्यातल्या एकीपुढे बाईंनी लिहून ठेवलंय: 'वापर कमी. काढू नये.' माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. माझं काही काढायचं असेल तर आधी खिडकीवर विचारा.

त्या बाबांचं पुढे काय झालं, मला कोण सांगणार? मी आपला वाट बघत राहिलो. नवव्या दिवशी त्यांच्या नावापुढे एक छोटी ओळ आली: 'घरी सोडले.'

ज्या ओळी रोज लागतात त्या हाताशी ठेवायच्या, बाकीच्या मागच्या फळीवर टाकायच्या, असा माझा नियम आहे. ही ओळ त्यानंतर कुणीच मागितलेली नाही. तरी मी ती हाताशीच ठेवली आहे. वैद्यीणबाईंना सांगू नका.