दुरियानचा अवेळचा बहर

माझ्या नवऱ्याचा आपल्या जिभेवर फार भरवसा. कालव्याचं पाणी फणसासारख्या काटेरी दुरियानांच्या बागेत सोडण्याआधी दुओक ओंजळभर चाखायचा आणि म्हणायचा, "गोड आहे." आमच्या नदीकाठी सगळे हेच करतात. यंदा उन्हाळ्यात समुद्र नदीतून आत शिरला, तेव्हाही त्याने पाणी चाखलं आणि पंप लावला. पण माणसाच्या जिभेला कळत नाही इतकं मीठसुद्धा दुरियानला सोसत नाही. पाणी मुळांत चढतच नाही. चिखलात उभं राहून झाड तहानेने मरतं. पानांच्या कडा करपल्या तशी या शहाण्याने झाडांना आणखी तेच पाणी पाजलं. बाग उभी वाळली. घरामागचं एक झाड तेवढं राहिलं.

आमचा मुलगा कीएन शहरात चपलांच्या कारखान्यात आहे. हेही झाड गेलं तर जमीन विकून त्याच्या खोलीवर राहायला जायचं, असं ठरलं होतं. दुओकला तिथे दोन दिवससुद्धा काढवत नाहीत.

पाऊस आला आणि ते झाड फुललं. पानं अर्धी गळालेली, पण फांद्यांना खालून फुलांचे घोसच्या घोस. दुओक वेड्यासारखा हसत सुटला.

"बघितलंस, थाम? मेलं म्हणत होतीस ना!"

"अहो, पानं कुठायत? पानांवाचून त्याच्या पोटाला कोण घालणार? मरायच्या आधी बी टाकून जायला बघतंय ते. फुलं झाडून टाका, झाड तरी वाचेल."

"हाताशी आलेला बहर झाडू? डोकं फिरलंय तुझं!"

मी स्वतः बांबू घेऊन गेले, तर त्याने तो हिसकावून घेतला. त्याचा मला अजून राग येतो.

फळं सुपारीएवढी झाली, पिवळी पडली, गळाली. मागोमाग उरलेली पानंही गेली.

पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला भर दुपारी आम्ही न फळणाऱ्या झाडाला दम देतो. एकाने वर चढून झाडाच्या वतीने बोलायचं, दुसऱ्याने खालून कोयता दाखवायचा. दर वर्षी कीएन चढायचा आणि असा काही गळा काढायचा की शेजारी हसून लोळायचे. यंदा दुओक मला म्हणाला, "तू चढ."

"या वयात? पडून कंबर मोडली म्हणजे?"

"चढ गं. दुपार टळायला नको."

मी कशीबशी पहिल्या फांदीवर बसले. त्याने कोयत्याच्या पाठीने खोडावर ठोकलं. "काय रे आळशा, फळणार की नाही? नाहीतर तोडतो!"

उत्तर पोराटोरांनाही पाठ आहे: तोडू नका मालक, पुढच्या वर्षी भरभरून देतो. पण ठोकलं तिथली साल सुटून खाली पडली होती, आणि आतलं लाकूड कोरडंठाक होतं.

"बोल ना."

"तोडा, मालक," मी म्हटलं. "होतं नव्हतं ते देऊन बसलो."

"असं म्हणायचं नसतं, थाम."

"माहीत आहे मला."

त्याने कोयता टाकला, खोडाला कपाळ टेकलं आणि हळूच विचारलं, "मग मी कुठे जाऊ?"

झाडाच्या वतीने मीच बोलायचं होतं. मी फांदी घट्ट धरून बसले.